आरसा तेवढा माझ्याकडं

जिकडं बघावं तिकडं मीच. कडेवर पोरगी घेतलेली मी, पदर घसरलेली मी, घामानं कपाळाची टिकली सुटत आलेली मी. गोडावनाचं शटर वर गेलं आन समोर भिंतीला टेकवून ठेवलेलं जुनं आरसं, गोल, लांबट, खिडकीएवढं, दाराएवढं, आन त्या सगळ्यांतनं मीच माझ्याकडं बघाय लागले. माझं काळीज आसं धडधडाय लागलं की पोरीनं माझ्या छातीवर हात ठेवला आन माझ्या तोंडाकडं बघितलं. मला हसू बी येत हुतं आन भ्याव बी वाटत हुतं. परत शटर खाली ओढावं आन पळून जावं, आन परत वर करून सगळं डोळं भरून बघावं, आसं दोन्ही एकदम वाटत हुतं.

आधी सांगते मी तितं कशी गेल्ते ते. कळंब्यात आम्ही घर बांधलं. आम्ही म्हंजे आमचं मालक, त्यांची आई आन ह्यो कडेवरचा जीव, तवा वरसाची बी झाली नव्हती. मालकांचा टेम्पो हाय, सकाळ-संध्याकाळ दुधाची कॅनं, दिवसभर मिळंल ती भाडी. त्यांच्या आईला मी आत्ती म्हणते, त्यांचं माहेर निपाणीकडं, तिकडं सासूला आसंच म्हणत्यात. आत्ती मराठी बोलता बोलता कानडीत शिरत्यात आन आपल्याला कळलं का न्हाय हे बघत सुदिक न्हाईत.

तर घर. फरशी मालकांनी ठरवली. दारं आत्तींनी. रंग आमच्या वन्संनी फोनवर फोटू बघून इचलकरंजीतनं ठरवला. मला कुणी काय इचारलं न्हाय, आन इचारतील आसं मला बी वाटलं नव्हतं. मी आठवीत शाळा सोडली. माहेरात बी मला कुणी इचारायचं न्हाय, सांगायचे. मंग एक दिवस वन्सं जेवाय आल्या, सगळी बसली हुती, आन बाहेरच्या सोप्यात भिंतीला काय लावायचं ह्यावरनं बोलणं निघालं. मी भाकरी थापता थापता म्हणून गेले, तितं मोठा आरसा बरा दिसंल, जुना, जाड काचंचा. का म्हणाले तर मालकांच्या संगं एकदा टेम्पोतनं भाडं पोचवाय गेल्ते, त्या बंगल्यात तसला बघितला हुता. काचंच्या कडा उतरत्या घासलेल्या आन त्यावर ऊन पडून भिंतीवर रंगाचं पट्टं पडलेलं. त्या दिवसापासनं माझ्या डोक्यातनं ते जात नव्हतं.

मला वाटलं आता बोलणी बसणार. आत्ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "आरसा तिच्याकडं. ती निवडंल."

वन्सं हसल्या. "वैनी निवडणार? आवो, मागल्या यात्रंत वैनीनं पोळपाट आणलाय, त्यावर चपाती फिरतच न्हाय, पोळपाटच फिरतोय."

सगळी हसली, मी बी हसले. पर आतनं मला काय झालं ते मलाच म्हायती. ह्या घरात पहिल्यांदा एक गोष्ट माझ्या शब्दावर येणार हुती, आन ती बी सोप्यात, आल्यागेल्याच्या डोळ्यासमोर. चुकले तर तो आरसा जलमभर भिंतीवर बसून सांगणार, हिला काय कळत न्हाय. आन परत मला कुणी काय म्हणजे काय इचारणार न्हाय.

म्हणून मी त्या गोडावनात तशी घाबरून उभी हुते. शिरोली नाक्याच्या पुढं हाय ते. जुनी घरं, जुनी दुकानं पाडली की त्यातलं लाकूडफाटा, दारं, कपाटं ह्यो माणूस उचलतो आन इकतो. मालक त्याची भाडी मारत्यात, म्हणून वळख.

"या, या पावणं. आज्जी, हितं बसा. ताई, काय दाखवू? सगळी बेल्जमची काच हाय बगा, सगळं राजवाड्यातलं."

आत्तींनी एकदा हिकडनं तिकडं सगळं आरसं बघितलं. "एवढं आरसं राजवाड्यात हुतं तर राजं कुठं बसत हुतं रं?"

दुकानदार मोठ्यानं हसला. त्याला राग आला न्हाय, उलट त्याला ते आवडलं. मला जरा धीर आला.

आत्तींचा एक नेम हाय. जुनी वस्तू घरात आणायची तर आधी इचारायचं, कुठल्या घरातली? नांदतं घर हाय का? ज्या घरात माणसं हायती, चूल पेटती, पोरंबाळं हायती, तितली वस्तू चालती. बंद पडलेल्या घरातली न्हाय. भांडं असू दे, पाट असू दे, आत्ती आधी घर इचारणार मंग वस्तूला हात लावणार. आन आरशाचं तर मला बी भ्याव वाटत हुतं. भांड्यात कोण जेवलं ते भांड्यात ऱ्हात न्हाय, पर आरशात रोज कुणीतरी तोंड बघितलंय. एका गोल आरशाचा पारा उडाला हुता, मधी काळं डाग पडलेलं, मी वाकले तर त्यात माझं अर्धंच तोंड दिसलं आन माझ्या पाठीमागं कुणीतरी हाय आसं वाटलं. वळून बघितलं तर आमचं मालक, बिडी शोधत.

"ह्यो कुणाच्या घरातला?" आत्तींनी इचारलं.

"राजवाड्यात—"

"खरं सांग."

"सांगलीतल्या एका वकिलांचा, आज्जी. त्यांची पोरं परदेशी गेली."

"मंग घर बंद. पुढचा."

आसं सुरू झालं. आत्ती घर इचारायच्या, दुकानदार आधी राजवाडा सांगायचा आन मंग हळूच खरं. आन मी काच बघायची. पर काच कशी बघायची हेच मला म्हायती नव्हतं. दुकानदार म्हणायचा बोट टेकवा, बोटात आन आरशातल्या बोटात किती अंतर दिसतंय बगा, वजन बगा, कडा बगा. मी बोट टेकवायची, अंतर दिसायचं, आन ते अंतर चांगलं का वाईट हे मला कळायचं न्हाय. पोरगी मात्र लई खूष. दिसंल त्या आरशाला जीभ लावायची. तिला ओढून धरता धरता माझा दम निघाला.

तेवढ्यात मी एका मोठ्या आरशात बघितलं आन मला आत्ती दिसल्या, माझ्या मागं बसलेल्या. आन त्यांची इभूत हलत हुती.

आत्ती रोज सकाळी पूजा झाली की कपाळाला इभूत लावत्यात, तीन बोटांनी, तीन रेघा, ह्या कानापासनं त्या कानापतोर. आरसा बघत न्हाईत. मी एकदा आरसा पुढं केला तर म्हणाल्या, "मला कशाला? माझं तोंड मला पाठ हाय." आन हाताचा आसा सराव की तिन्ही रेघा सुतागत सरळ, वहीतल्या रेघा वाकड्या म्हणायच्या. तर त्या रेघा त्या आरशात वाकड्या दिसल्या. आत्तींनी मान हलवली की रेघा तळ्यातल्या पाण्यागत वरखाली.

मला एकदम उमगलं. आसं उमगलं की मी पोरीला उचलून तिचा मुकाच घेतला. बोटं नगोत, वजन नगो, काय नगो. आत्तीचं कपाळ हाय की.

"आत्ती, जरा उठा. हितं उभं ऱ्हावा."

"का गं?"

"उभं ऱ्हावा की. लांबनं कसं दिसतंय बघायचंय."

आत्ती उभ्या ऱ्हायल्या. रेघा वाकड्या. मी त्यांना दंडाला धरून पुढच्या आरशापुढं नेलं. जरा बऱ्या. त्याच्या पुढच्या. परत वाकड्या. आसं करत मी त्यांना सगळ्या गोडावनात फिरवलं. आत्ती आरशात बघतच नव्हत्या, त्या तितल्या एका जुन्या कपाटाचं बिजागर बघत हुत्या, मी मात्र त्यांच्या कपाळाकडं.

"मला काय नवरी म्हणून दाखवाय आणलीस व्हय गं?" आत्ती शेवटी चिडल्या. "पाय दुखाय लागलं माझं."

"आज्जी, नवरदेव कुठाय?" दुकानदारानं मधीच तोंड घातलं.

"तुझ्यागत आसंल तर नको बाबा."

आन मंग तो आरसा आला. दाराएवढा. चौकटीवर मोर, वेली, द्राक्षाचं घड, काळं शिसवी लाकूड, बघूनच मान वर करावी लागायची. आत्तींना पुढं उभं केलं आन तिन्ही रेघा सरळ. आत्तींनी मान हलवली तरी सरळ. मी हिकडनं बघितलं, तिकडनं बघितलं, खाली बसून बघितलं. सरळ. घर बी नांदतं निघालं, गडहिंग्लजकडच्या एका मोठ्या घराण्यातला, भावाभावांत वाटण्या झाल्या, आरसा कुणाच्याच वाट्याला बसंना म्हणून इकला. सगळी हायती, सुखात हायती. मालकांना चौकट आवडली. आत्ती म्हणाल्या झालं का एकदाचं.

मी म्हणाले, "हाच."

माझाच आवाज मला कायतर निराळा वाटला. हाच म्हणाले आन लोकं हलाय लागली. मालक टेम्पोतनं वाकळा आणाय गेले. दुकानदारानं दोरी काढली. माझ्या एका शब्दानं. मी पोरीला घेऊन उगंच गोल गोल फिरत हुते, आत्ता वन्संनी बघितला पायजे, आत्ता बघितला पायजे.

मालकांनी आन दुकानदारानं आरसा वाकळंत गुंडाळाय पुढं ओढला, फिरवला, आन पाठ माझ्याकडं झाली. आन वास आला.

तो वास मला पक्का म्हायती हुता. आमच्या नव्या घरात सुतारानं कपाटं केली तवा त्यानं चिकटवायला जे पांढरं वापरलं त्याचा वास, घरभर सुटला हुता, पोरीला शिंका आल्या म्हणून मी पोरीला घेऊन पायरीवर बसायची. तोच वास. वाकून बघितलं तर पाठीला कोरं प्लाय, नवं चकचकीत खिळं. मंग पुढं जाऊन काचंच्या कडंला बोट फिरवलं. उतार नव्हता. कापल्यागत सरळ, दुकानातल्या नव्या काचंसारखी.

चौकट जुनी आन काच नवी. म्हणूनच रेघा सरळ दिसत हुत्या. नव्या काचंत सगळं सरळच दिसतंय, आमच्या कपाटाच्या दाराला हाय त्यात बी दिसतंय. मी एवढं आत्तींना पाय दुखस्तोवर फिरवून फिरवून सगळ्या गोडावनातला एकच नवा आरसा निवडला हुता.

आता बोलायचं कसं? दोरी बांधायला लागली हुती. टेम्पोचं मागचं फाळकं उघडलेलं. मालकांना संध्याकाळच्या दुधाला जायाचं हुतं, ते सारखं घड्याळ बघत हुते. गप बसले असते तर कुणाला काय कळलं नसतं, चौकट बघून सगळी वा वा म्हणाली आसती. पर मला म्हायती झालं हुतं. मला रोज त्यात बघावं लागणार हुतं.

"थांबा," मी म्हणाले. ते कुणाला ऐकाय गेलं न्हाय. मंग मोठ्यानं म्हणाले, "थांबा, ह्यो नको."

मालकांनी दोरी तशीच धरून माझ्याकडं बघितलं. "आत्ता हाच म्हणालीस की."

"काच नवी हाय."

दुकानदार जरा बी लाजला न्हाय. "व्हय, नवीच हाय. जुनी फुटली. मंग काय भोक ठेवू? चौकट बगा की ताई, आसली चौकट आता कोण करतोय."

"तुमी सांगितलं न्हाईसा."

"तुमी इचारलं कुठं? तुमी आज्जीला फिरवत हुता."

"व्हय, तेच म्हणतोय," मालक म्हणाले. "मघाधरनं आईला घेऊन काय चाललं हुतं तुझं?"

मला सांगावंच लागलं. खाली मान घालून सांगितलं, इभूतीच्या रेघा, वाकड्या, सरळ, सगळं. सांगता सांगता माझ्या डोळ्यात पाणी आलं. आन दुकानदार पोट धरून हसाय लागला, मालक बी हसाय लागले, दोरी हातातनं सुटली.

आत्ती तेवढ्या हसल्या न्हाईत. "माझ्या कपाळावर आरसं तपासत हुतीस व्हय?" त्यांनी कपाळाला हात लावून बघितला. "आन एवढ्या सरळ हायती रेघा?"

"सुतागत हायती आत्ती."

"मंग परत बघ. पहिल्यापासनं बघ. दूध काय पळून जात न्हाय." आन मालकांकडं वळून म्हणाल्या, "दोरी सोड रं."

मला रडू थांबवायला पदर तोंडात धरावा लागला. पोरीला आत्तींकडं दिलं आन मी परत आत गेले. आता मात्र मी उलटं बघत हुते. आता मला ठाव हुतं, जुनी काच म्हंजे जरा हलणारच. किती हलती आन कशी हलती एवढंच बघायचं. आन कडांवर बोट फिरवायचं, आन पाठ हुंगायची. मी प्रत्येक आरशाच्या पाठीमागं नाक घालून हुंगत चालले हुते, दुकानदारानं तर हात जोडले.

कपाटांच्या पाठीमागं एक लांबट आरसा आडवा ठेवला हुता, म्हणून मघाशी नीट बघितला नव्हता. दुकानदाराकडनं तो उभा करून घेतला. चौकट साधी, सागवानी, कुठंबी नक्षी न्हाय. खालच्या एका कोपऱ्यात पारा गेलेला. कडा मात्र उतरत्या, हाताला गुळगुळीत. पाठीला जुन्या फळ्या, वास कसला तर साबणाचा आन तेलाचा, लई जुना. मी त्यात बघितलं. मी हलले तसं माझं तोंड जरासं हललं, जरासंच, आन मंग शांत. मला माझं तोंड आवडलं. खरं सांगते, बाळंतपणानंतर मी आरशात नीट बघितलंच नव्हतं.

"ह्यो कुठला?"

दुकानदार आता राजवाड्याचं नाव काढंना. "मुरगूडचा. न्हाव्याच्या दुकानातला. पोरानं दुकान नवं केलं, चारी बाजूंनी लायटीचं आरसं लावलं. बापाचा ह्यो काढून टाकला."

मालक म्हणाले, "न्हाव्याचा आरसा सोप्यात? लोक दाढीला बसतील की."

मी आत्तींकडं बघितलं. आत्तींचा नेम तर घराचा. दुकान म्हंजे घर न्हाय. आत्तींनी पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मंग म्हणाल्या, "कुठली कुठली माणसं बसली आसतील ह्याच्यापुढं. सुतकातली बी आसतील."

"ते नदीवर करत्यात आज्जी," दुकानदार म्हणाला. "दुकानात न्हाय."

आन मी बोलले. कुठनं सुचलं म्हायती न्हाय, पर बोलले. "आत्ती, ह्याच्यापुढं माणूस दाढी वाढवून बसायचा आन बरा हून उठायचा. लग्नाच्या सकाळी नवरदेव बसलं आसतील. यात्रंच्या आदल्या दिवशी सगळं गाव बसलं आसंल. वाईट तोंड घेऊन कोण उठलंच नसंल ह्याच्यासमोरनं. आन दुकान चालतंय की अजून, पोरगा चालवतोय. नांदतंयच की."

मला वाटलं जादा बोलले.

आत्ती पोरीला घेऊन पुढं आल्या आन आरशासमोर उभ्या ऱ्हायल्या, आन बघितलं. त्यात त्यांचं पांढरं केस, कडेवर नात, आन कपाळावर तीन रेघा जराशा लवलेल्या. पोरीनं आरशातल्या आज्जीला हात दाखवला.

"कूसू, नोडु," आत्ती तिला म्हणाल्या, म्हंजे बाळ, बघ. मंग मला म्हणाल्या, "आज इभूत वाकडी लागली काय गं?"

"न्हाय आत्ती. काच हलती."

"हलू दे."

टेम्पोत तो उभाच बांधावा लागला, आडवा ठेवला आसता तर तडकला आसता. मी मागं बसले, वाकळा लावून, दोन्ही हातांनी धरून. आत्ती आन पोरगी पुढं. आरशाचं तोंड मागल्या गाड्यांकडं. सगळा रस्ता त्यात उलटा पळत हुता, उसाच्या गाड्या, झाडं, आभाळ, मी तर खुळ्यागत हसत हुते. सिग्नलला एक मोटारसायकलवाला मागं थांबला, त्यानं आरशात बघून खिशातनं कंगवा काढला, भांग पाडला, आन मला म्हणाला, "वैनी, जरा डावीकडं व्हा की." मी जरा डावीकडं झाले. आरसा आपला जुना धंदा रस्त्यावर बी करत हुता.

घरी वन्सं आल्या हुत्या, मुद्दाम आल्या हुत्या. आरसा उतरवला, वाकळ काढली, वन्संनी पुढं होऊन बघितलं, मागं हून बघितलं. मी वाकळंची घडी घालत त्यांच्या तोंडाकडं बघत हुते.

"वैनी, ह्यात माझं नाक लांब दिसतंय."

"लांबच हाय," आत्ती म्हणाल्या, आन हातपाय धुवाय गेल्या.

दुसऱ्या दिवशी भिंतीला भोकं पाडायला माणूस आला. मालक आन त्यांचा एक दोस्त दोघांनी आरसा उचलून भिंतीला लावून धरला. लई जड हुता. भोकं पाडणाऱ्यानं पेन्सिल कानावरनं काढली आन आत्तींना इचारलं, "कुठं करू आज्जी?"

आत्ती शेंगा सोलत बसल्या हुत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला काय इचारतोस? आरसा तिचा हाय."

सगळी माझ्याकडं वळली. मालक, दोस्त, पेन्सिलवाला, दारात उभ्या वन्सं. जिथं धरला हुता ती जागा एकदम बरोबर हुती, उजेड खिडकीतनं येत हुता, पोरगी रांगत आली तर तिला बी दिसणार हुतं. मला ते कळलं हुतं.

"जरा वर," मी म्हणाले.

त्यांनी वर केला.

"जादा झालं. डावीकडं घ्या."

घेतला. मालकांच्या मानंच्या शिरा दिसाय लागल्या. "लवकर सांग की गं, हात गेलं माझं."

"बघतेय न्हवं," मी म्हणाले, आन लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं. आत्तींच्या सुपातली एक शेंग घेतली आन फोडून खाल्ली. मंग म्हणाले, "हां, आता खाली. जरा आजून. मघाशी हुता तितंच."